चिमणीचा नळ

पाणीपुरवठा खात्यात तिला तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘फूटपट्टी’. हे नाव तिच्या कानावर आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला फारसं लागतही नव्हतं. सवलतीच्या अर्जांची तपासणी तिच्याकडे होती. ज्यांना पाणीपट्टी झेपत नाही त्यांनी अर्ज करायचा, बाईंनी घरी जाऊन पाहायचं आणि शेरा लिहायचा. शेरा चांगला पडला की थकबाकीचे हप्ते पाडून मिळत आणि पुढची पट्टी कमाईच्या मानानं लागे. वाईट पडला की पंधरा-वीस दिवसांत चावीवाला जाऊन नळ बंद करी. अकरा वर्षांत तिच्या शेऱ्यावर कुणाला बोट ठेवता आलं नव्हतं. कुणी रडलं म्हणून तिनं ओळ बदलली नाही, कुणी अंगावर आलं म्हणूनही नाही.

त्या सोमवारी गठ्ठ्यातला चौथा अर्ज उघडला आणि तिचा हात थांबला. तिनं नाव वाचलं, पत्ता वाचला, पुन्हा नाव वाचलं. अर्ज चिमणीचा होता.

चिमणी म्हणजे तिची मामेबहीण. आई गेली तेव्हा बाई आठ वर्षांची होती, आणि मामानं तिला आपल्या घरी आणलं. चिमणीही आठच वर्षांची. सारखी चिवचिवायची म्हणून ते नाव पडलं होतं. मामीनं भाचीला परकं कधी मानलं नाही असं सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. दोघींना कापड सारखं, दोघींना दूध सारखं. पण हिचा पेला मामी रेषेपर्यंत भरायची आणि चिमणीचा नुसताच भरायची. चिमणीच्या पेल्यात उलट कधीकधी कमीच पडे. तरी ती रेष बाईच्या मनात बसली ती बसलीच. चिमणीच्या हातून बरणी फुटली की चिमणी हसायची, तिला बघून मामा हसायचे, आणि फुटलेली बरणी घरात वर्षभर विनोदाला पुरायची. बाईच्या हातून कधी काही फुटलंच नाही. तिनं फुटूच दिलं नाही.

मोठेपणी दोघी लांब गेल्या. मामीच्या शेवटच्या आजारात तेवढ्या एकत्र आल्या होत्या, त्यालाही आता सहा वर्षं झाली. तेव्हा बाईनं महिनाभराची रजा काढली, औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावल्या, मामीच्या चादरी धुतल्या. चिमणी संध्याकाळची यायची, उशाशी बसून गल्लीतल्या गमती सांगायची, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली मामी कूस बदलून तिच्याकडे वळायची.

नातेवाइकाचा अर्ज आला तर तो दुसऱ्या तपासनिसाकडे द्यायचा, असा खात्याचा नियम होता. तो नियम टाइप करून भिंतीवर बाईनंच चिकटवलेला होता. पण चिमणीचा अर्ज तिनं दुसऱ्याकडे दिला नाही, पिशवीत घातला. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. चिमणीवर आलेली अडचण तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

मंगळवारी अकराच्या सुमाराला ती पोचली. गल्लीतलं शेवटचं घर, दोन खोल्या, मागे हातभर अंगण. दार उघडंच होतं. आत खिडकीशी पलंग, पलंगावर चिमणीचा नवरा, आणि कोपऱ्यात रंगाचे सुकलेले डबे. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अकरा महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं.

“तू?” म्हणत चिमणी धावत आली आणि ओल्या हातांनीच तिला मिठी मारली. बाईच्या पाठीवर दोन ओले पंजे उमटले.

“कामावर आहे मी,” बाई म्हणाली. “तुझा अर्ज आलाय आमच्याकडे.”

“म्हणजे तूच तपासणार? मग सुटले मी. कोण खडूस माणूस पाठवतायत या काळजीनं झोप उडाली होती.”

“खडूस आला असता तरी तू त्याला चहा पाजून माणसात आणलं असतंस,” नवरा पलंगावरून म्हणाला.

बाई खुर्चीवर बसली आणि फॉर्म भरायला लागली. घरात माणसं किती? दोन. नळ? एक. कमाई? चिमणी दुपारी चार तास एका कारखान्यात पाकिटं भरायला जायची, तेवढीच. लिहितालिहिता बाई बघत होती. चिमणीचे केस निम्मे पिकले होते, गालफडं बसली होती, चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता. जे बघायला ती आली होती ते सगळं तिथं होतं. पण त्यानं तिचं समाधान होईना. चिमणी बोलताबोलता नवऱ्याच्या पाठीमागची उशी सरकवायची, त्यानं न सांगता. ती म्हणायची, “त्या दिवशी नाही का तो…” आणि नवरा म्हणायचा, “हो, टोपीवाला,” आणि दोघं हसायची. दोघांचं बोलणं अर्ध्या वाक्यात संपायचं आणि उरलेलं अर्धं दोघांनाही कळायचं. बाईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं वाक्य मध्येच तोडायलासुद्धा कुणी नव्हतं.

तेवढ्यात एक शेजारीण दार न वाजवता आत आली, कांद्याबटाट्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवली, “आणताना तुझेपण आणले गं,” म्हणाली आणि आली तशी गेली. चिमणीनं मान वर करून नुसतं “बरं” म्हटलं. आभार नाहीत, संकोच नाही. जणू तिला लोकांनी आणून द्यायचं हे जन्मतःच ठरलेलं होतं. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग ती अंगणात गेली. दोरीवर चादरी वाळत होत्या. तिनं सवयीनं मोजल्या. नऊ. शिवाय बादलीत दोन भिजत होत्या.

“दोन माणसांच्या घरात इतक्या चादरी?” तिनं विचारलं.

चिमणीनं एकदा पलंगाकडे पाहिलं. मग ती हसली आणि मोठ्यानं म्हणाली, “आमच्याकडे रोज पाहुणे असतात ना मुक्कामाला. लॉज उघडलंय मी.”

नवऱ्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं.

बाईला तिथल्या तिथं कळलं. चादरी जुन्या होत्या, ठिगळं लावलेल्या, मधोमध धुऊन धुऊन विरलेल्या. अंगणात जंतुनाशकाचा वास होता. अशा चादरी तिनं मामीच्या वेळी महिनाभर धुतल्या होत्या. ज्याला उठता येत नाही त्या माणसाच्या त्या चादरी होत्या, आणि त्याला ऐकू जाईल अशा ठिकाणी चिमणीला ते बोलायचं नव्हतं.

ऑफिसात परत येऊन तिनं शेरा लिहिला. ‘घरात नेहमीच्या वापरापलीकडे चादरी धुतल्या जातात. रोज पाहुणे मुक्कामाला असतात, असे अर्जदाराने स्वतः सांगितले. नळ केवळ घरगुती वापरासाठी आहे असे वाटत नाही. सवलत देऊ नये.’ खाली सही केली. ‘वाटत नाही’ सोडलं तर एकही शब्द खोटा नव्हता. हे तिनं स्वतःला दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगावं लागू नये म्हणून फाइल लगेच साहेबांकडे पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी चावीवाला तिच्या टेबलाशी आला. निवृत्तीला आलेला माणूस, खांद्यावर नळ बंद करायची लांब लोखंडी चावी. एरवी तो दारातूनच कागद द्यायचा. त्या दिवशी समोरची खुर्ची ओढून बसला.

“बाई, आज एक नळ बंद करून आलो. गल्लीतलं शेवटचं घर.”

“रोजच करता की.”

“रोज करतो आणि रोज शिव्या खातो. आज त्या बाईनं पाणी दिलं प्यायला. म्हणाली, उन्हातून आलात, आमच्या नळाचा शेवटचा पेला तुम्हीच प्या. आता मी काय करावं? प्यालो आणि बंद केला.” त्यानं कागद पुढे सरकवला. “मी चावीच्या खड्ड्यावर झाकण लावतोय तोवर गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन हजर. एका म्हातारीनं मला धरलंच. म्हणाली, तुमच्या वरच्या माणसानं आमच्या चिमणीला का पाण्यात पाहिलं?”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, आजी, पाण्याच्या खात्यातला माणूस दुसरं कशात बघणार?”

तो स्वतःच्या विनोदावर हसला नाही. उठला, चावी खांद्यावर टाकली आणि गेला.

बाईला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण तिच्या आधी आणि तिच्यापेक्षा मोठी आली ती जळजळ. नळ बंद झाला तरी चिमणीचं काही बिघडलं नव्हतं. ‘आमच्या चिमणीला’ म्हणे. चावीवाल्यासारखा मुरलेला माणूस एका पेल्यात विरघळून आला होता. आपला नळ उद्या कुणी बंद केला तर काय होईल, याचा तिनं विचार केला. जिन्यावरचे लोक एकमेकांना विचारतील, कुठल्या दाराचा? आणि आपापल्या दाराची कडी लावतील.

तीन दिवस तिनं काढले. शनिवारी अर्धा दिवस होता, तेव्हा ती वही घेऊन निघाली. एका नळाचं पाणी दुसऱ्या घराला देणं नियमात बसत नाही, त्याची पाहणी करायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. निमित्त नियमाचं असलं की तिचे पाय पटापट पडत.

चिमणीच्या दाराबाहेर बादल्या, घागरी, झाकणाचे डबे ओळीनं ठेवले होते. वर भिंतीला पत्र्याचा तुकडा टांगला होता, आणि त्यावर निळ्या रंगात, सुबक अक्षरात पाण्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या. सकाळी कोण, दुपारी कोण, संध्याकाळी कोण. नवऱ्यानं पडल्यापडल्या रंगवलेलं असणार. बाईनं घरं मोजली. अकरा. वहीत आकडा लिहायला तिनं पेन काढलं आणि तसंच हातात धरून उभी राहिली. पाणी द्या म्हणून सांगता येईल अशी अकरा घरं सोडा, तिला एकही आठवेना.

“अहो, जरा एवढी आत नेता का?” मागून आवाज आला. कांदेबटाटेवाली शेजारीण होती. “माझी अजून एक यायचीय.” आणि तिनं भरलेली बादली बाईच्या हातात दिलीच. वही काखेत मारून बाई ती घेऊन आत गेली. पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं.

चिमणी चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं, बादली पाहिली, आणि ती मटकन खाली बसली.

“तूपण?” ती म्हणाली, आणि तोंडाला हात लावून रडायला लागली.

तिला रडताना बाईनं लहानपणापासून पाहिलं नव्हतं. मामीच्या वेळीसुद्धा नाही. बादली कुठे ठेवायची तेही तिला सुचेना.

“मला वाटलं, तू आता यायची नाहीस,” चिमणी डोळे पुसत म्हणाली. “तू चांगलं लिहूनही वरच्यांनी नाही म्हटलं, म्हणून तुलाच अवघडल्यासारखं झालं असेल. यांना मी तेच सांगत होते, ती नक्की भांडली असेल वर.” मग तिनं नाक ओढलं, उठली, बाईच्या हातून बादली घेतली. “बस. रिकाम्या बादल्या देऊन येते. नाहीतर त्या बायका इथंच बसतील आणि तुझी मुलाखत घेतील.”

ती बाहेर गेली. खोलीत बाई आणि चिमणीचा नवरा दोघंच राहिली. नवऱ्यानं गादीखाली हात घालून एक घडी केलेला कागद काढला. चावीवाल्यानं दिलेला हुकूम होता, आणि त्याला बाईच्या शेऱ्याची छायाप्रत टाचलेली होती.

“हे तिनं वाचलेलं नाही,” तो म्हणाला. “पोचल्याची सही करून माझ्याकडे दिलं, मी ठेवून दिलं. अक्षर बघण्यात माझा जन्म गेलाय. त्या दिवशी तुम्ही फॉर्म भरत होतात तेव्हाच मी बघत होतो, छान अक्षर आहे. ‘नळ’ लिहिताना ळचं वेटोळं तुम्ही आत घेऊन बंद करता. फार कमी लोक करतात.”

बाईनं काखेतली वही खाली ठेवली.

“त्या चादरी माझ्या होत्या. तुम्हाला कळलं होतं ना?”

नाही म्हणायला वाव होता. वापर, नियम, पाहणी, सगळे शब्द तिच्या ओठांवर तयार होते.

“हो,” ती म्हणाली.

“मला वाटलंच.” तो रागावला नव्हता, दमलेला दिसत होता. “का केलंत ते विचारत नाही. मला तेवढं ऐकून घ्यायची ताकद नाही. फक्त तिला सांगू नका.”

“मी सांगणार होते,” बाई म्हणाली. आणि ते म्हणेपर्यंत तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

“सांगून तुम्हाला हलकं वाटेल. तिचं काय? आईवडील गेले, ते घर गेलं. ती माहेरच्या गोष्टी काढते तेव्हा त्यात तुम्ही असता. तिला तेवढंच माहेर उरलंय. ते माझ्या चादरींपायी जायला नको.”

बाहेरून चिमणीचा आवाज येत होता. कुणाच्या तरी बादलीची कडी निघाली होती आणि त्यावरून बायका हसत होत्या. बाई ऐकत राहिली. अपराध पोटात होता, पण त्याच्याशेजारी तो जुना हेवाही अंग चोरून बसलेला होताच. या माणसाला अंथरुणातून हलता येत नव्हतं, आणि तरी बायकोला काटा लागू नये म्हणून तो कागद गादीखाली लपवत होता. असं आपल्यासाठी कुणी कधी काही लपवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि चिमणीची फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली.

“हा शेरा रद्द करायचाय. दुसरा तपासनीस पाठवा. अर्जदार माझी मामेबहीण आहे.”

साहेबांनी चष्मा वर केला. “बाई, अकरा वर्षांत तुमची ही पहिली चूक. नजरचुकीनं झालं असं लिहा आणि सोडून द्या.”

“नजरचूक नाही, साहेब. त्या चादरी आजारी माणसाच्या आहेत हे मला बघताक्षणी कळलं होतं.”

“आणि तरी असं लिहिलंत?”

“हो.”

साहेबांनी फाइल उघडून शेरा पुन्हा वाचला. “हे लेखी देणार?”

तिनं लेखी दिलं. एका दमात, खाडाखोड न करता. बुधवारी दुसरा तपासनीस जाऊन आला, गुरुवारी चावीवाल्यानं जाऊन नळ उघडला, आणि पुढच्या आठवड्यात चिमणीचे हप्ते पडले, तिला झेपतील असे. बाईची एक वेतनवाढ रोखली गेली आणि तिला तपासणीवरून काढून भरणा खिडकीवर बसवलं. ऑफिसात कुजबुज झाली. फूटपट्टी मोडली, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

पहिल्या हप्त्याला चिमणी रांगेत उभी होती. खिडकीपर्यंत यायला तिला पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात पुढच्या माणसाच्या गुडघ्याचं दुखणं, मागच्या बाईच्या मुलीची नोकरी, सगळं तिला माहीत झालं होतं. काचेमागून बाई बघत होती. तिच्या रांगेत एरवी कुणी कुणाशी बोलत नसे.

“ही माझी आतेबहीण,” चिमणी मागच्या बाईला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “हिनं वर भांडून आमचा नळ सुरू करून दिला.”

चारपाच जणांनी बाईकडे आदरानं पाहिलं. तसं तिच्याकडे कुणी बघितल्याला किती वर्षं झाली होती. आणि ते बघणं तिचं नव्हतं, चिमणीनं उदारपणे वाटलेलं होतं. हे तिला झोंबलं. ती खाली बघून पावती फाडू लागली.

“रविवारी येतेस?” चिमणीनं विचारलं.

“रविवारी काम असतं मला.”

“कसलं?”

बाईनं काही तरी सांगायला तोंड उघडलं, आणि सांगण्यासारखं काहीच सापडलं नाही.

“येते,” ती म्हणाली. “सरक पुढे, लोक खोळंबलेत.”

त्या रविवारी ती गेली, आणि पुढच्याही. हेवा गेला असं म्हटलं तर ते खोटं होईल. गल्लीच्या तोंडाशी तो दर वेळी तिला गाठायचा आणि परतताना बसथांब्यापर्यंत सोबत यायचा. पण ती जात राहिली.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी चिमणीनं एकदम विचारलं, “त्या चांगल्या कामावरून तुला खिडकीत का बसवलं गं? आमच्यामुळे तर नाही ना?”

नवरा पलंगावर बसून एका नव्या पाटीची अक्षरं पेन्सिलीनं आखत होता. तो थांबला नाही, वर बघितलं नाही, फक्त त्याची पेन्सिल हळू झाली.

“माप चुकलं माझं एकदा,” बाई म्हणाली.

“तुझं?” चिमणी म्हणाली. “तुझं माप चुकलं?” आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. ती हसताहसता भिंतीला टेकली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, “हिचं माप चुकलं, ऐकलंत का, हिचं.”

बाईला हसू आलं नाही. पण ती उठूनही गेली नाही. हातातला चहा निवेपर्यंत ती तिथंच बसून राहिली आणि चिमणीला हसू दिलं.